दांडा का येतो? नागपुरातल्या एका एम.एस्सी. प्रकल्पात सर्पिल दीर्घिका उभी करताना

पार्श्वभूमी

नागपुरातल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. माझं स्वतःचं संशोधन स्फुरदीप्त पदार्थांवरचं आहे. आमच्या भागात त्या विषयाची जुनी परंपरा आहे आणि बहुतेक विद्यार्थी प्रकल्पासाठी तोच विषय घेतात. त्या वर्षी मात्र दोघं जण माझ्याकडे आले ते दीर्घिकेचा हट्ट घेऊन. ती काटोलकडची, प्रोग्रॅमिंगमध्ये पक्की. तो नागपुरातल्याच महाल भागातला, गणितात रमणारा. दोघांचीही नावं इथे देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदलले आहेत. प्रकल्पात जे घडलं ते मात्र घडलं तसंच लिहिते.

त्यांचा प्रश्न सरळ होता. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेत अब्जावधी तारे एका चपट्या तबकडीत फिरतात. त्यांच्यात फक्त न्यूटनचं गुरुत्वाकर्षण आहे असं धरलं, तर सर्पिल बाहू आपोआप तयार होतात का, आणि झाले तर टिकतात का?

जानेवारीचा पहिला पंधरवडा त्याच्या गणितात गेला. दीर्घिका ताटासारखी अखंड फिरत नाही. केंद्रापासून दूर गेलं तरी ताऱ्यांचा वेग जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे बाहेरच्या ताऱ्याला फेरी पूर्ण करायला जास्त वेळ लागतो. वेग सेकंदाला २२० किलोमीटर धरला, तर सूर्याच्या अंतरावर, म्हणजे केंद्रापासून साधारण २६,००० प्रकाशवर्षांवर, एका फेरीला सुमारे २२ कोटी वर्षं लागतात. त्याच्या निम्म्या अंतरावर ११ कोटी. आता बाहू हा ताऱ्यांचाच एक कायमचा पट्टा आहे असं मानून बघा. १,००० कोटी वर्षांत आतलं टोक बाहेरच्यापेक्षा ४५ फेऱ्या जास्त मारेल आणि पट्टा घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळला जाईल. अशा पट्ट्याचा वर्तुळाशी होणारा कोन त्याने काढला तो ०.२ अंश आला. कोन जितका लहान, तितका बाहू घट्ट गुंडाळलेला. प्रत्यक्षात दिसणाऱ्या बाहूंचा कोन साधारण १० ते २५ अंश असतो. केंद्रातून बाहेर जाणाऱ्या सरळ रेषेपासून १५ अंशांपर्यंत गुंडाळायला फक्त १३ कोटी वर्षं पुरतात, म्हणजे एक फेरीसुद्धा नाही.

त्याने हे फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गात शांतता पसरली होती. मग तो म्हणाला, ‘‘शनिवारी संध्याकाळी बर्डीच्या बाजारात मेन रोडला उभे राहा. गर्दी रोज त्याच दोन-तीन ठिकाणी तुंबते, पण पाच मिनिटांपूर्वीची माणसं आता तिथे नसतात.’’ लिन आणि शू यांनी १९६४ मध्ये मांडलेली घनता-तरंगाची कल्पना मी इतक्या सोप्या शब्दांत कधी ऐकली नव्हती. बाहू म्हणजे गर्दीची जागा. तारे तिच्यात शिरतात, थोडे रेंगाळतात, पुढे निघून जातात.

गर्दी का तुंबते आणि किती दिवस तुंबलेली राहते, हे मात्र त्या दाखल्यात नव्हतं. ते तिच्या कोडमधून निघायचं होतं.

अडचण

तिने पहिली तबकडी २०,००० कणांची केली. एकूण वस्तुमान ५,००० कोटी सूर्यांइतकं, म्हणजे एक कण २५ लाख सूर्यांचा. केंद्राजवळ दाट, बाहेर विरळ. ताऱ्यांच्या वेगात थोडी विस्कळ ठेवलेली, कारण पूर्ण शिस्तीत फिरणारी तबकडी स्वतःच्याच गुरुत्वाने गोळ्या-गोळ्यांत फुटते. ही विस्कळ किती हवी हे १९६४ मध्ये अलार टूमरे यांनी दाखवलं. त्यांच्या नावाचा क्यू हा आकडा १ च्या खाली गेला की तबकडी फुटते, बराच वर गेला की ती इतकी बेशिस्त होते की बाहू धरतच नाहीत. आम्ही १.२ घेतला.

तबकडीभोवतीचं कृष्णद्रव्याचं, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाने ओढणाऱ्या पदार्थाचं, प्रभामंडल आम्ही घातलं नाही. हा निर्णय माझा होता. ‘‘आधी साधं करू, मग वाढवू,’’ असं मी म्हटलं. प्रयोगशाळेत मी नेहमी असंच करते, म्हणून ते मला सुरक्षित वाटलं.

फेब्रुवारीच्या एका सकाळी ती लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्येच आली. पडद्यावर ३० कोटी वर्षांनंतरची तबकडी होती आणि तिच्यात सुरेख बाहू उमटले होते. आम्ही तिघांनी ते चित्र किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग तिने पुढे चालवलं. ६० कोटी वर्षांवर बाहू आतून जाड होत एकमेकांत मिसळायला लागले. १०० कोटी वर्षांवर केंद्रातून आरपार गेलेला एक लांबट दांडा उरला आणि भोवती नुसता धूसर ढग. शास्त्रीय भाषेत त्याला दंड म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत त्याचं नाव पहिल्या दिवसापासून दांडाच पडलं.

‘‘मॅडम, बाहू तर येऊन राहिले, पण टिकून नाही राहिले,’’ ती म्हणाली. ‘‘कोडमध्येच काहीतरी गडबड आहे.’’

मलाही तसंच वाटलं. पुढचे तीन आठवडे आम्ही ती गडबड शोधण्यात घालवले.

पहिला निर्णय: चूक कोडची की निसर्गाचं म्हणणं?

या तीन आठवड्यांतलं काही वाया गेलं नाही, पण क्रम चुकला. आधी तिने दोनच कण ठेवून ते एकमेकांभोवती हजारो फेऱ्या नीट मारतात का हे पाहिलं. मारत होते. एकूण ऊर्जा आणि कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याच्या गतीचा एकूण साठा, जागच्या जागी होते. वेळेचं पाऊल, म्हणजे गणन एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं ते, निम्मं केलं, तरी दांडा आला. फार जवळ आलेल्या दोन कणांमधली ओढ बोथट करण्याचं अंतर बदललं, तरी आला.

याच काळात रात्री लाईट गेली आणि ३० तासांचं गणन गेलं, कारण मधल्या अवस्था साठवायची सोय कोडमध्ये नव्हती. दुसऱ्या दिवशी ती रडवेली झाली होती. त्या दिवशी मी तिला होल्मबर्गची गोष्ट सांगितली. संगणक नव्हते तेव्हा, १९४१ मध्ये, स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिकांच्या टकरीसाठी टेबलावर दिवे मांडले होते. प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७, एकूण ७४. प्रकाशही गुरुत्वासारखाच अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी किती प्रकाश पडतो हे प्रकाशघटाने मोजायचं, तेवढी ओढ समजायची, दिवा हाताने सरकवायचा आणि पुन्हा मोजायचं. तिने ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी दर १०० पावलांना अवस्था साठवणाऱ्या ओळी कोडमध्ये घातल्या.

चक्र फिरलं ते तिच्या एका साध्या कल्पनेने. कणांच्या सुरुवातीच्या जागा यादृच्छिक आकड्यांनी ठरतात. त्या आकड्यांची मालिका ज्या मूळ अंकावरून सुरू होते त्याला प्रोग्रॅमर सीड म्हणतात. तिने सीड बदलून तेच गणन पाच वेळा चालवलं. पाचही वेळा बाहूंची जागा वेगळी, संख्या वेगळी, रूप वेगळं. दांडा मात्र पाचही वेळा, जवळपास त्याच सुमाराला.

याचा अर्थ लावायला मला एक रात्र लागली. सीडबरोबर जे बदलतं त्याचं मूळ सुरुवातीच्या योगायोगात असतं. सीड बदलूनही जे बदलत नाही ते तबकडीच्या स्वभावातलं असतं. दांडा ही चूक नव्हती.

मग मी जुने शोधनिबंध वाचायला बसले. हे काम जानेवारीतच व्हायला हवं होतं. १९७१ मध्ये फ्रँक होल यांनी १,००,००० ताऱ्यांची तबकडी संगणकावर फिरवली होती. त्यांच्याकडेही आधी बाहू आले आणि मग दांडा. १९७३ मध्ये ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी काही शे बिंदूंच्या गणनातून सांगितलं की शिस्तबद्ध फिरण्यातली ऊर्जा एकूण गुरुत्वीय ऊर्जेच्या ०.१४ पटीहून जास्त असेल तर तबकडी स्थिर राहत नाही, ती दांड्यात कोसळते. आमच्या तबकडीत हे प्रमाण ०.४ च्या आसपास होतं. त्याच निबंधात उपायही होता: तबकडीभोवती न दिसणारं जड प्रभामंडल असेल तर ती सावरते. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतले वेग मोजले होते आणि ते बाहेरच्या भागात अपेक्षेसारखे घसरत नव्हते. वेगांनी जे सुचवलं, तेच आता तबकडीच्या स्थैर्याकडूनही पुढे येत होतं. मी ‘साधं करू’ म्हणून जे वगळलं होतं, तेच वगळायचं नव्हतं.

समोरचे पर्याय

मार्चचा पहिला आठवडा उजाडला. प्रकल्प एप्रिलअखेर द्यायचा. आम्ही तिघं एका दुपारी बसलो आणि काय काय करता येईल ते मांडलं.

पहिला पर्याय एका सहकाऱ्यांनी सुचवला होता: पहिली ४० कोटी वर्षंच दाखवा. तेवढ्यात बाहू सुंदर दिसतात, प्रबंधाचं शीर्षकही बसतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलांचे गुण जाऊ नयेत एवढंच त्यांना वाटत होतं. मुलं दोन महिने झोपली नव्हती आणि तिच्या डोळ्यांत मला तो मोह दिसत होता. मी तिला विचारलं, ‘‘४१व्या कोटीत काय होतं असं कुणी विचारलं तर?’’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मग मला दांडाच दाखवावा लागेल.’’ तो पर्याय तिथेच संपला, आणि तो तिने संपवला याचं मला आजही समाधान आहे.

दुसरा पर्याय त्याचा होता आणि तो खरोखर चांगला होता. सर्पिल आकाराचं गुरुत्वक्षेत्र आपणच बाहेरून बसवायचं, ते ठरावीक गतीने फिरवायचं आणि त्यात कण सोडायचे. लिन-शू यांच्या कल्पनेचा हा अगदी स्वच्छ नमुना झाला असता. गर्दीतून तारे आत-बाहेर कसे जातात, कोणत्या अंतरावर तारा आणि तरंग एकाच गतीने फिरतात, सगळं दिसलं असतं, तेही आठवड्याभरात. पण बाहू आपोआप येतात का हा आमचा मूळ प्रश्न. इथे ते आम्हीच आणून बसवणार होतो.

तिसरा, एक छोटी दीर्घिका शेजारून नेणं. फेब्रुवारीअखेर आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन पेंचला गेलो होतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि नागपूरच्या पिवळट आकाशानंतर तिथला अंधार डोळ्यांना पाणी आणतो. मध्यरात्र उलटल्यावर सप्तर्षींच्या शेपटीतल्या मरीचीजवळ दुर्बीण वळवून आम्ही एम ५१ पाहिली होती: एकमेकांना चिकटलेले दोन पुसट ठिपके. मोठा ठिपका म्हणजे ती भोवऱ्यासारखी दीर्घिका, जिचे बाहू १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी पहिल्यांदा रेखाटले. छोटा म्हणजे तिची सोबतीण. अशा सोबतिणीच्या भरती-ओढीतून देखणे बाहू आणि शेपट्या ताणल्या जातात हे टूमरे बंधूंनी १९७२ मध्ये गणनाने दाखवलं होतं. मुलांना हा पर्याय फार आवडला. पण एकट्या दीर्घिकेचा प्रश्न त्यातही बाजूला पडत होता.

चौथा, विस्कळ वाढवणं. तिने क्यू २ करून पाहिलाच होता. दांडा यायला उशीर झाला, पण बाहूही गेले.

पाचवा, प्रभामंडल. आणि इथे दोन वाटा होत्या. प्रभामंडल कणांचं करायचं, म्हणजे तेही हलेल, ओढेल, ओढलं जाईल. किंवा ते एक न हलणारं, सूत्राने दिलेलं गुरुत्वक्षेत्र मानायचं. पहिल्या वाटेला कण कित्येक पटींनी वाढणार होते. आमच्याकडे विभागाचं एक बरं यंत्र, वर दोन लॅपटॉप. बाहेर पारा चाळिशीकडे सरकत होता आणि कूलरसमोर ठेवलेलं यंत्रही दुपारी तापून मंद व्हायचं.

दुसरा निर्णय आणि पुढची कृती

आम्ही न हलणारं प्रभामंडल घेतलं. त्याचबरोबर तिने कोड बदलून बार्न्स आणि हट यांची १९८६ची झाडपद्धत बसवली. तिच्यात दूरच्या कणांचा पुंजका एकच जड कण मानला जातो, त्यामुळे प्रत्येक जोडी मोजावी लागत नाही. २०,००० कणांच्या जोड्या जवळपास २० कोटी होतात आणि त्या दर पावलाला मोजाव्या लागतात, हे लक्षात घेतलं तर तिने काय वाचवलं ते कळेल. कण २,००,००० झाले, एकेक कण आता अडीच लाख सूर्यांचा.

तीन गणनं ठरली. सूर्याइतक्या अंतरावर आतली ओढ बहुतांश तबकडीची. अर्धी तबकडीची, अर्धी प्रभामंडलाची. आणि तबकडीची फक्त तिसरा हिस्सा.

मला या सगळ्या प्रकल्पात जे सर्वांत मोलाचं वाटतं ते इथे हाती लागलं. पहिल्यात दोन ठळक बाहू आले आणि मागोमाग दांडा. दुसऱ्यात दांडा नाही, चार-पाच बाहू. तिसऱ्यात असंख्य बारीक, तुटक बाहू, लोकरीच्या पुंजक्यांसारखे. तबकडी जितकी हलकी, तितके बाहू जास्त आणि किरकोळ.

कारण समजून घ्यायला त्याने आठ दिवस घेतले. तबकडीत कुठेतरी योगायोगाने थोडी जास्त गर्दी झाली. आतला भाग बाहेरच्यापेक्षा लवकर फेरी मारतो, म्हणून ती गर्दी उलट्या बाजूला कललेली असेल तर सरळ होत मागच्या बाजूला कलते. या वळण्याच्या वेळी एक विलक्षण जुळणी होते. प्रत्येक तारा आपल्या वर्तुळाकार वाटेवर आत-बाहेर असा हलका झोकाही घेत असतो, आणि त्या झोक्याची दिशा गर्दीच्या वळण्याबरोबर काही काळ एकच असते. तारा गर्दीत जास्त वेळ राहतो, त्याच्या गुरुत्वाने गर्दी वाढते, वाढलेली गर्दी आणखी ताऱ्यांना धरते. किरकोळ असमानता कित्येक पटींनी फुगते. गोल्डराइख आणि लिंडेन-बेल यांनी १९६५ मध्ये आणि ज्युलियन आणि टूमरे यांनी १९६६ मध्ये हे गणिताने दाखवलं होतं. हे फुगणं कोणत्या लांबीच्या लाटेला साधतं ते तबकडीच्या वस्तुमानावर ठरतं. जड तबकडीत लांब लाटा फुगतात, म्हणून परिघावर दोनच मावतात. हलकीत आखूड, म्हणून पुष्कळ.

म्हणजे एम ५१सारखे दोन भरदार बाहू हवे असतील तर तबकडी जड हवी, आणि तबकडी जड झाली की दांडा दाराशी उभा. जे गुरुत्व बाहू घडवतं, तेच त्यांना गिळतं. फळ्यावर हे लिहून झालं तेव्हा तो खडू तसाच हातात धरून उभा राहिला होता.

पण दुसऱ्या गणनातही एक दुखणं उरलं. १५०-२०० कोटी वर्षांत बाहू फिकट होऊन पुसले गेले. तिने क्यू मोजला तर तो २ च्या वर गेला होता. बाहू ताऱ्यांना ढकलत राहतात, त्यांची शिस्त मोडते, आणि बेशिस्त ताऱ्यांना पुढचा बाहू धरता येत नाही. बाहू आपलीच जमीन नापीक करून जातो. सेलवुड आणि कार्लबर्ग यांनी १९८४ मध्ये नेमकं हेच पाहिलं होतं आणि उत्तरही दिलं होतं: दीर्घिकेत वायू असतो, तो थंड होतो, त्यातून वर्तुळाकार कक्षेत शिस्तीने फिरणारे नवे तारे जन्मतात आणि तबकडीला पुन्हा तरुण ठेवतात.

वायूची पूर्ण गतिकी आमच्या आवाक्याबाहेर होती. तिने दर १ कोटी वर्षांनी १०० नवे कण वर्तुळाकार कक्षेत सोडले. मी तिला हिशेब करायला लावला: हे वर्षाला सरासरी अडीच सूर्य झाले. आपल्या आकाशगंगेत आज वर्षाला साधारण दोन सूर्यांइतके तारे जन्मतात. आकडा जमिनीवर होता. बाहू परतले. प्रत्येक बाहू एक-दोन फेऱ्यांत विरतो, त्याच्या जागी दुसरा उठतो, आणि ३०० कोटी वर्षांपर्यंत असा एकही क्षण आला नाही की तबकडी कोरी दिसली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात प्रबंध छापायला गेला. पहिलं, दांड्याचं गणन त्यात पूर्ण दिलं, दुसऱ्या प्रकरणात, शेवटच्या चित्रासह.

तोंडी परीक्षेतला प्रश्न

बहिःस्थ परीक्षकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग एकच विचारलं, ‘‘तुमचं प्रभामंडल तबकडीकडून काही घेतं का?’’

ती थांबली. ‘‘नाही सर. ते हलत नाही.’’

‘‘मग दांडा त्याने थांबवला, की तुम्ही त्याचे हात बांधले म्हणून थांबला?’’

मुद्दा अचूक होता. दांड्याला वाढायचं असेल तर त्याला आपला कोनीय संवेग कुणाला तरी द्यावा लागतो. खऱ्या प्रभामंडलातले कण तो घेऊ शकतात आणि तसे घेतले की दांडा आणखी बळकट होतो. अथानासूला यांनी २००२ मध्ये हे दाखवलं आहे: हलतं प्रभामंडल सुरुवातीला दांड्याला उशीर करतं, पण पुढे त्यालाच पोसतं. आमच्या कोरड्या सूत्राला यातलं काहीच करता येत नव्हतं.

तिने सारवासारव केली नाही. म्हणाली, ‘‘सर, चार-पाच बाहू का आले हे मी खात्रीने सांगू शकते. दांडा कधीच येणार नाही हे नाही सांगू शकत.’’ परीक्षकांनी मान हलवली आणि ते वाक्य प्रबंधाच्या मर्यादांमध्ये लिहून द्यायला सांगितलं. दोघांनाही चांगले गुण मिळाले.

निष्पत्ती, आणि आता करायचं झालं तर

परीक्षेनंतर ती पुण्याला नोकरीला गेली, तो नेट परीक्षेच्या तयारीला लागला. मला मात्र तो प्रश्न झोपू देईना. जूनमध्ये महाविद्यालय रिकामं असताना मी तिचाच कोड घेऊन बसले. तबकडीत ५०,००० कण, प्रभामंडलात २,००,०००, मांडणी दुसऱ्या गणनाचीच, जिथे दांडा आला नव्हता. यंत्र तीन आठवडे चाललं. पावसाने दोनदा लाईट घालवली, पण तिने साठवण्याची सोय करून ठेवली होती, त्यामुळे काही गेलं नाही.

आज हाच प्रकल्प पुन्हा हाती आला तर मी पहिल्या आठवड्यात होल आणि ऑस्ट्रायकर-पीबल्स यांचे निबंध मुलांच्या हातात देईन. कोड लिहायच्या आधी. सीड बदलण्याची चाचणी शेवटी नाही, सर्वांत आधी करायला लावीन, कारण तिला थोडेच दिवस लागतात आणि ती चूक व स्वभाव वेगळे करून दाखवते. प्रभामंडल वगळून सुरुवात करायची असेल तरी ती जाणूनबुजून, दांडा येणार हे आधीच लिहून ठेवून.

कणांच्या संख्येबद्दल मी आता जास्त सावध आहे. २०११ मध्ये जपानमधल्या एका गटाने दाखवलं की कण ३० लाखांपर्यंत नेले तर नुसत्या ताऱ्यांच्या तबकडीतही बाहू १,००० कोटी वर्षांपर्यंत तग धरतात. कण थोडे आणि जड असले की ते एकमेकांना नको तेवढे धक्के देतात आणि तबकडी लवकर बेशिस्त होते. म्हणजे आमचे बाहू पुसले गेले त्यातला काही भाग निसर्गाचा आणि काही आमच्या यंत्राच्या मर्यादेचा. किती कुणाचा हे वेगळं करायला कण दुप्पट, चौपट करून क्यू कसा वाढतो ते पाहायला हवं होतं. वेळ नव्हता असं नाही, तो आम्ही फेब्रुवारीत खर्च केला होता. नव्या कणांची संख्याही आम्ही एकच धरली. ती निम्मी केली असती तर बाहू कोणत्या पातळीला टिकतात आणि कुठे पुसले जातात याची सीमा हाती आली असती.

आणि दांड्याकडे अपयश म्हणून बघायला नको होतं. जवळच्या सर्पिल दीर्घिकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांशांमध्ये लहान-मोठा दांडा दिसतो. आपल्या आकाशगंगेतही आहे, आणि तो मंदावत असल्याच्या खुणा गाया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या हालचालींतून २०२१ मध्ये पुढे आल्या. मंदावतो, कारण तो प्रभामंडलाला संवेग देतो. ज्या गोष्टीला आम्ही तीन आठवडे कोडातला दोष समजत होतो, ती आपल्या डोक्यावरच्या आकाशगंगेत चालू आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गणन संपलं. रविवारी सकाळी तिचा फोन आला.

‘‘मॅडम, दांडा आला का?’’

‘‘आला,’’ मी म्हटलं. ‘‘२४० कोटी वर्षांनी. आणि त्यानंतर हळूहळू मंदावतोय.’’

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

‘‘सीड बदलून पाहिला?’’

‘‘अजून नाही.’’

‘‘मग आज रात्रीच लावा ना, मॅडम. मी इथून लॉगिन करून पाहते.’’